तीन कोन, एक क्षेत्रफळ आणि बाजूंचा शोध: चार साधनांची परीक्षा

त्रिकोणाचे तिन्ही कोन माहीत आहेत, क्षेत्रफळ माहीत आहे, पण बाजू एकही माहीत नाही. कागदावर हे गणित दोन ओळींत सुटतं. तेच कॅल्क्युलेटरमध्ये किंवा स्प्रेडशीटमध्ये घातलं, की चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच रुबाबात पडद्यावर येतं. म्हणून या परीक्षणात ‘कोणतं साधन जास्त अचूक’ हा प्रश्न दुय्यम ठेवला आहे. अचूकता चौघांकडेही गरजेपेक्षा जास्तच आहे. आकडे भरताना चूक झाली तर कोणतं साधन ओरडतं आणि कोणतं मूग गिळून बसतं, हे पाहणं जास्त कामाचं.

परीक्षेला बसवलेली साधनं अशी: कॅसिओचा एफएक्स-९९१ईएक्स कॅल्क्युलेटर, स्प्रेडशीट (एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क या तिन्हींत हे काम सारखंच चालतं), जिओजेब्रा (भूमितीच्या आकृत्या काढण्याचं सॉफ्टवेअर) आणि ब्राउझरमध्ये उघडणारे तयार त्रिकोण-गणक. कौल आधीच सांगून टाकतो. एखाद-दुसरा त्रिकोण असेल तर कॅल्क्युलेटर, ढीगभर असतील तर स्प्रेडशीट, आकृती डोळ्यांनी पाहायची असेल तर जिओजेब्रा. तयार गणक नाइलाज झाला तरच.

आधी सूत्र नीट निवडा

कोन अ, ब, क आणि क्षेत्रफळ क्षे. बहुतेक ठिकाणी सूत्र असं दिलेलं असतं: अ कोनासमोरच्या बाजूचा वर्ग = २ × क्षे × साइन अ ÷ (साइन ब × साइन क). सूत्र बरोबर आहे, पण साधनात घालायला वाईट. तीन बाजूंसाठी तीनदा वर्गमूळ, तीनदा कंस, आणि प्रत्येक वेळी कोन अदलाबदल होण्याची संधी.

त्याऐवजी आधी परिवर्तुळाचा, म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा, व्यास काढा:

व = √( २ × क्षे ÷ (साइन अ × साइन ब × साइन क) )

मग प्रत्येक बाजू = व × साइन (समोरचा कोन). वर्गमूळ एकदाच, कंस एकदाच, आणि तिन्ही कोन छेदात सारख्याच मानाने बसतात, त्यामुळे क्रम चुकला तरी व बदलत नाही. हे सूत्र येतं कुठून? साइन नियमानुसार प्रत्येक बाजू आणि तिच्या समोरच्या कोनाची साइन यांचं गुणोत्तर म्हणजे परिवर्तुळाचा व्यास. म्हणून दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन घेऊन काढलेलं क्षेत्रफळ व² × साइन अ × साइन ब × साइन क ÷ २ इतकं होतं. ते उलटं फिरवलं की झालं.

या प्रश्नाची एक मोठी सोय आहे. कोनांची बेरीज १८०° आणि क्षेत्रफळ शून्यापेक्षा जास्त असेल, तर उत्तर नक्की मिळतं आणि एकच मिळतं. दोन बाजू आणि त्यांच्यामधला नसलेला कोन दिला असता ‘दोन त्रिकोण शक्य’ अशी जी भानगड होते, ती इथे नाही.

चाचणीसाठी सगळीकडे एकच त्रिकोण वापरला आहे: कोन ५०°, ६०°, ७०° आणि क्षेत्रफळ १०० चौ. सेंमी. बरोबर उत्तर: व = १७.९११४, बाजू १३.७२०९, १५.५११७ आणि १६.८३१२ सेंमी. आपलं साधन तपासायला हेच आकडे वापरा.

ताळा: चुकीचा आणि बरोबर

साधनांकडे वळण्याआधी हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. उत्तर आल्यावर बहुतेक जण ‘½ × बाजू × बाजू × मधल्या कोनाची साइन’ असा ताळा पाहतात. तो बिनकामाचा आहे. बाजू ज्या सूत्राने काढल्या तेच सूत्र तिथे उलटं चालवलं जातं; त्यामुळे कोनांची बेरीज १८५° असो की कॅल्क्युलेटर भलत्याच एककात असो, उत्तर प्रत्येक वेळी बरोबर १०० येतं.

खरा ताळा हेरॉनच्या सूत्राचा. त्यात कोन येतच नाहीत, फक्त बाजू येतात. अर्धपरिमिती काढा, तिच्यातून एकेक बाजू वजा करा, चारही संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. आपल्या त्रिकोणात अर्धपरिमिती २३.०३१९, वजाबाक्या ९.३११०, ७.५२०२ आणि ६.२००७; क्षेत्रफळ ९९.९९९६. चार दशांश स्थळांपर्यंतच्या बाजू घेतल्यामुळे एवढा फरक राहणारच.

आता तिसरा कोन ७० ऐवजी ७५ टाकून पाहा. बाजू येतात १३.५३, १५.३० आणि १७.०६, दिसायला अगदी साळसूद. हेरॉन मात्र ९८.६ दाखवतो.

यापेक्षाही झटपट, तोंडी करता येण्यासारखी एक चाळणी आहे. दिलेल्या क्षेत्रफळाच्या सगळ्या त्रिकोणांत समभुज त्रिकोणाची परिमिती सर्वांत कमी असते. त्यामुळे कोणत्याही त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजू सुमारे १.५२ × √क्षे पेक्षा लहान असूच शकत नाही. क्षेत्रफळ १०० असेल तर मोठी बाजू निदान १५.२ (नेमकं सांगायचं तर १५.१९६७) हवीच. त्याखाली उत्तर आलं की पुढे पाहायचीही गरज नाही, ते चूक आहे.

एफएक्स-९९१ईएक्स

हे यंत्र या कामासाठी घडवल्यासारखं आहे, एवढं आधी मान्य करू. कारण दोन. एक म्हणजे कॅल्क बटण: सूत्र एकदा अक्षरांत लिहायचं, मग यंत्र एकेका अक्षराची किंमत विचारतं. दुसरं, किमती साठवायला नऊ कप्पे: ए, बी, सी, डी, ई, एफ, एम, एक्स आणि वाय. आपल्याला लागतात नेमके नऊ! ए मध्ये क्षेत्रफळ, बी-सी-डी मध्ये कोन, ई मध्ये व, एफ-एक्स-वाय मध्ये बाजू आणि एम मध्ये अर्धपरिमिती.

पहिलं काम एककाचं. शिफ्ट दाबून मेनू, म्हणजे सेटअप; त्यात २ हा कोनाच्या एककाचा पर्याय, मग १ म्हणजे अंश. पडद्याच्या वरच्या पट्टीत डी हे अक्षर दिसलं पाहिजे. आर म्हणजे रेडियन, जी म्हणजे ग्रेडियन, ही कोन मोजायची दुसरी एककं. हे अक्षर इतकं बारीक आहे की न पाहणंच सोपं. या यंत्राबद्दलची आमची मुख्य तक्रार हीच.

मग वर्गमूळाचं बटण, त्याच्या आत अपूर्णांकाची चौकट. वर २ए, खाली साइन(बी) × साइन(सी) × साइन(डी). कॅल्क दाबा. यंत्र ए विचारेल, १०० द्या आणि बरोबरचं चिन्ह दाबा. तसेच तिन्ही कोन. उत्तर १७.९११४... लगेच एसटीओ दाबून ई मध्ये टाका. मग ई × साइन(बी) करून एफ मध्ये, ई × साइन(सी) करून एक्स मध्ये, ई × साइन(डी) करून वाय मध्ये. व हा एम मध्ये ठेवायचा मोह टाळा. एम+ हे बटण हाताशीच असतं. चुकून दाबलं गेलं की एम मधली किंमत गुपचूप बदलते. अर्धपरिमितीचं काम शेवटचं आणि क्षणभराचं, म्हणून एम तिच्यासाठी ठेवला आहे.

अपूर्णांकाची चौकट वापराच, ÷ चिन्हाने ओळीत लिहू नका. ओळीत २ × ए ÷ साइन(बी) × साइन(सी) × साइन(डी) असं लिहिलं, तर यंत्र डावीकडून उजवीकडे जातं आणि फक्त पहिल्या साइनने भागून उरलेल्या दोन्हींनी गुणतं. व १७.९११४ ऐवजी १४.५७६३ येतो, बाजू ११.१७, १२.६२ आणि १३.७०. या चुकीत बाजूंचं आपसातलं गुणोत्तर बिलकूल बिघडत नाही, त्रिकोणाचा आकार बरोबरच राहतो, फक्त माप लहान होतं. म्हणून ती नजरेला पकडता येत नाही. पण मोठी बाजू १३.७० म्हणजे १५.२ च्या खाली. वरची चाळणी इथे लगेच कामाला येते. हेरॉन तर ६६.२ दाखवतो.

एककाच्या चुका यंत्राने कशा हाताळल्या, हे जरा तपशिलात पाहण्यासारखं आहे. रेडियनमध्ये साइन ५० आणि साइन ६० दोन्ही ऋण येतात, साइन ७० धन. नेहमीचं, एकेका बाजूच्या वर्गाचं सूत्र वापरलं तर ऋण-ऋण कापलं जाऊन पहिल्या बाजूसाठी १४.९१ असं उत्तर येतं. खरं उत्तर १३.७२. कोणाला शंका येणार? दुसरी बाजू १७.३३, तिसरी ४३.९९, इथे मात्र पहिल्या दोघींची बेरीज तिसरीपेक्षा कमी भरते, म्हणजे असा त्रिकोण होतच नाही. व च्या वाटेने गेलात तर दोन बाजू थेट ऋण येतात, −१४.९१ आणि −१७.३३, आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडते. वरचं सूत्र निवडण्याचं हे दुसरं कारण. कधी तिन्ही साइनचा गुणाकारच ऋण निघाला, तर यंत्र ‘मॅथ एरर’ दाखवतं. ती चूक सगळ्यांत चांगली.

खरी घातकी चूक ग्रेडियनची. ग्रेडियनमध्ये काटकोन १०० चा असतो, त्यामुळे ५०, ६०, ७० यांच्या साइन धनच राहतात आणि खऱ्या किमतींच्या आसपास असतात. बाजू येतात १४.०१, १६.०३ आणि १७.६५. ऋण काही नाही, त्रिकोण होतो, मोठी बाजू १५.२ च्या वर आहे. हेरॉन एकटाच १०६.५ म्हणून हात वर करतो. कॅल्क्युलेटर दुसऱ्याकडून घेतलेला असेल तर आधी साइन ३० काढा. ०.५ किंवा ½ आलं तरच पुढे जा.

कोन अंश-मिनिटांत असतील तर हे यंत्र स्प्रेडशीटपेक्षा कितीतरी सुखाचं. अंशांच्या चिन्हाचं बटण आकड्यानंतर प्रत्येक वेळी दाबायचं: ५०, चिन्ह, ३०, चिन्ह. शेवटचं चिन्ह विसरू नका. ठरावीक कोनांना आणखी एक लाभ: ३०°, ६०°, ९०° आणि क्षेत्रफळ १८√३ दिलं, तर व बरोबर १२ येतो आणि बाजू ६, ६√३, १२ अशा मूळचिन्हासकट दिसतात. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांना हे उत्तम.

यंत्र आतल्या आत १५ अंकांनी हिशेब करतं आणि १० अंक दाखवतं, त्यामुळे कप्प्यातली किंमत वापरली तर काहीच गळत नाही. पडद्यावरचा आकडा पाहून पुन्हा हाताने टाकला, तर गळतं.

या मॉडेलमध्ये छोटी स्प्रेडशीटही आहे, ५ स्तंभ आणि ४५ ओळी. जाहिरातीत छान दिसते, पण या कामाला आम्ही ती सुचवणार नाही. मोड बदलला, ऑन दाबलं किंवा यंत्र बंद झालं की भरलेलं सगळं पुसलं जातं. आणि काही न करता १० मिनिटं ठेवलं तर यंत्र आपोआप बंद होतं. ही वेळ सेटअपमधून ६० मिनिटांपर्यंत वाढवता येते, पण तरी भरवसा नाही. कॅल्कसाठी लिहिलेलं सूत्रही ऑन दाबल्यावर जातं. कप्प्यांतल्या किमती मात्र शाबूत राहतात. नंतर आलेल्या सीडब्ल्यू आवृत्तीत बटणांची मांडणी वेगळी आहे, तेव्हा वरचा बटणांचा क्रम तिथे जसाच्या तसा लागू करू नका.

स्प्रेडशीट

त्रिकोण पन्नास असोत की पाचशे, इथे कष्ट एका ओळीचेच. आणि ताळा प्रत्येक ओळीत आपोआप बसतो, जे कॅल्क्युलेटरवर कोणीही प्रामाणिकपणे करत नाही.

स्तंभ असे लावा: ए मध्ये क्षेत्रफळ, बी-सी-डी मध्ये कोन, ई मध्ये कोनांची बेरीज, एफ मध्ये व, जी-एच-आय मध्ये बाजू, जे मध्ये अर्धपरिमिती, के मध्ये हेरॉनचं क्षेत्रफळ, एल मध्ये के आणि ए यांचा फरक. एफ मधलं सूत्र, रोमन अक्षरांत टाइप करायचं, वाचायला असं:

= एसक्यूआरटी( २ * ए२ / ( साइन(रेडियन्स(बी२)) * साइन(रेडियन्स(सी२)) * साइन(रेडियन्स(डी२)) ) )

छेदाभोवतीचा बाहेरचा कंस हाच या ओळीचा प्राण. तो गेला की वर सांगितलेली १४.५७ ची चूक इथेही होते, आणि इथे अपूर्णांकाची चौकट नसल्याने ती कॅल्क्युलेटरपेक्षा जास्त वेळा होते. बाजूंची सूत्रं सोपी: जी२ = एफ२ * साइन(रेडियन्स(बी२)), तशीच पुढच्या दोन.

स्प्रेडशीटला अंश समजतच नाहीत. साइन नेहमी रेडियनच मागते आणि त्यासाठी कुठे सेटिंगही नाही. एका परीने हे बरंच. कॅल्क्युलेटरसारखं कोणीतरी मोड बदलून ठेवल्याचं भय नाही. सूत्र एकदा बरोबर लिहिलं की कायमचं बरोबर. रेडियन्स हे फंक्शन विसरलात तर दोन बाजू ऋण येतात, हेरॉनच्या मुळाखाली ऋण संख्या जाते आणि के मध्ये आकड्याऐवजी चूक झाल्याचा संदेश (एक्सेलमध्ये ‘#NUM!’) झळकतो. म्हणजे साधन स्वतःहून बोंब मारतं. ग्रेडियन हा प्रकारच इथे नाही.

तिसरा कोन १८० मधून वजा करून आपोआप भरावा का? कोन पुस्तकातले असतील तर खुशाल भरा. मोजलेले असतील तर मुळीच नको. तिन्ही कोन वेगवेगळे मोजले असतील, तर त्यांची बेरीज हाच मोजणीचा एकमेव पुरावा असतो. तिसरा कोन वजाबाकीने काढला की तो पुरावा नष्ट होतो आणि पहिल्या दोन कोनांतली चूक तिसऱ्याच्या पोटात जाऊन लपते. तिन्ही भरा, ई मध्ये बेरीज पाहा. फरक मोजणीच्या साधनाच्या मर्यादेत असेल तर तो तिन्ही कोनांत सारखा वाटून टाका. जास्त असेल तर पुन्हा मोजा.

बेरीज तपासताना ‘ई२ बरोबर १८०’ अशी अट घालू नका. दशांशातले कोन बेरजेत शेवटच्या अंकाला सूक्ष्म फरक सोडू शकतात, आणि बरोबर असलेली ओळही लाल दिसते. फरकाचं निरपेक्ष मूल्य ०.००१ पेक्षा कमी, अशी अट ठेवा.

मिनिटांचा घोळ हा स्प्रेडशीटवरचा सगळ्यांत जुना रोग. ५०°३०′ म्हणून कोणी ५०.३० भरतं, तो कोन प्रत्यक्षात ५०°१८′ झाला. १२ मिनिटांची ही चूक तिन्ही कोनांत थोडीथोडी असेल तर बेरजेतही धड दिसत नाही. यावर एक युक्ती आहे: पेशीला तास-मिनिटांचं चौकटी कंसातलं [h]:mm हे स्वरूप द्या (२४ तासांपुढे मोजणारं), त्यात ५०:३० असं भरा आणि सूत्रात त्या पेशीला २४ ने गुणा. स्प्रेडशीट वेळ दिवसांत साठवते, म्हणून २४ ने गुणल्यावर नेमके ५०.५ मिळतात. मिनिटं-सेकंदं दोन्ही बिनबोभाट चालतात.

एककांबद्दल एवढंच: क्षेत्रफळ चौ. मीटरमध्ये, तर बाजू मीटरमध्ये. चौ. मीटरचे चौ. सेंटिमीटर करताना १०० ने गुणलं (हवे १०,०००), तर बाजू दहापट लहान येतात. हेरॉन ही चूक पकडू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं सुसंगतच असतं.

जिओजेब्रा

मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर अव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे. इथे सूत्राशिवायही उत्तर निघतं, आणि गणित समजून घेणाऱ्याला तीच वाट घ्यायला सांगू: त्या कोनांचा कोणताही एक त्रिकोण काढायचा, त्याचं क्षेत्रफळ पाहायचं आणि हव्या त्या क्षेत्रफळापर्यंत तो मोठा किंवा लहान करायचा.

अबिंदूपासून बबिंदूपर्यंत १० लांबीचा रेषाखंड काढा, अ डावीकडे आणि ब उजवीकडे. ‘दिलेल्या मापाचा कोन’ हे हत्यार घ्या. आधी ब, मग अ वर क्लिक, माप ५०°, घड्याळाच्या उलट दिशेने. नंतर आधी अ, मग ब वर क्लिक, माप ६०°, पण दिशा घड्याळाची. इथेच बहुतेकांचं बिनसतं: दोन्हीकडे दिशा तीच ठेवली, की एक किरण वर जातो, दुसरा खाली, आणि छेदनबिंदू मिळतच नाही. काही जण मग किरणांऐवजी रेषा काढतात. रेषा छेदतात खऱ्या, पण मिळणारा त्रिकोण भलत्याच कोनांचा असतो. किरणच काढा, छेद न मिळणं हा इथे उपयोगी इशारा आहे.

छेदनबिंदू क. बहुभुज काढला की क्षेत्रफळ दिसतं, ३५.३०. आता मोठं करण्याचं प्रमाण √(१०० ÷ ३५.२९९५) = १.६८३१. विस्तारणाच्या आज्ञेत, म्हणजे डायलेटमध्ये, बहुभुज, हे प्रमाण आणि केंद्र म्हणून अ द्या. पाया १६.८३१२ झाला पाहिजे. प्रमाण आकड्याने न टाकता √(१०० ÷ बहुभुजाचं नाव) असंच लिहा, म्हणजे कोन बदलला तरी क्षेत्रफळ १०० वर टिकून राहतं. कोनाला स्लायडर लावून हे पाहणं हा या साधनाचा सगळ्यांत मोठा आनंद.

दोन खाचखळगे. सूत्रपट्टीत साइन(५०) लिहिलं तर ते रेडियन धरलं जातं. ५० च्या पुढे अंशाचं चिन्ह हवंच (विंडोजवर ऑल्ट आणि ओ). आणि क्लासिक आवृत्तीत सुरुवातीला आकडे दोनच दशांश स्थळांपर्यंत दिसतात. सेटिंगमध्ये ते १५ पर्यंत वाढवता येतात, पहिल्याच मिनिटाला वाढवा.

तयार त्रिकोण-गणक

यांची गोची एका वाक्यात सांगता येते: बहुतेकांना तीन किमती लागतात आणि त्यांतली निदान एक बाजू असावी लागते. क्षेत्रफळ भरायला रकानाच नसतो. तीन कोन दिले तर गणक, योग्यच, नकार देतो.

तरी वापरायचा झाला तर ७०° समोरची बाजू १० द्या. तो बाकीच्या बाजू ८.१५२ आणि ९.२१६ सांगेल, क्षेत्रफळ ३५.३० च्या आसपास. तिन्ही बाजूंना १.६८३१ ने गुणा. इथे घोटाळा एकच होतो, पण हमखास होतो: लोक क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने, म्हणजे २.८३२९ ने गुणतात, त्याच्या वर्गमुळाने नाही. मोठी बाजू २८ च्या पुढे गेली की समजा, वर्गमूळ राहिलं.

सुईसारखे त्रिकोण

चौघांनाही जड जातात ते अगदी लहान कोनाचे त्रिकोण, आणि दोष साधनांचा नसतो. क्षेत्रफळात १% चूक असेल तर बाजूत साधारण ०.५% येते, वर्गमूळ ती अर्धी करतं. कोनांचं तसं नाही. समभुज त्रिकोणाच्या जवळपास एका कोनात १° चूक झाली तर बाजू सुमारे १% हलते. तेच १००°, ५°, ७५° अशा त्रिकोणात ५° च्या जागी ४° मोजला गेला, तर सर्वांत मोठी बाजू ११.६% वाढते, ६° मोजला गेला तर ८.६% घटते. असा कोन निदान मिनिटांपर्यंत मोजता येत नसेल, तर क्षेत्रफळावरून बाजू काढायच्या भानगडीत न पडता एखादी बाजूच मोजावी.

उत्तर लिहिताना किती दशांश ठेवायचे हेही इथे बदलतं. १°, १°, १७८° आणि क्षेत्रफळ १०० घ्या. बाजू ७५.७०१७, ७५.७०१७ आणि १५१.३८०३. एका दशांशापर्यंत लिहिल्या तर ७५.७, ७५.७, १५१.४: दोन लहान बाजूंची बेरीज बरोबर तिसरीइतकी, म्हणजे त्रिकोण सपाट झाला आणि हेरॉनचं क्षेत्रफळ शून्य! दोन दशांशांनी ते ९३.१ येतं, चार दशांशांनी १००.०९. त्यामुळे असा त्रिकोण असेल तर ताळा पाहताना लिहून घेतलेले आकडे वापरू नका. कॅल्क्युलेटरचे कप्पे किंवा स्प्रेडशीटच्या पेशी थेट हेरॉनला द्या, आणि पुढच्या माणसाला बाजू निदान चार दशांश स्थळांपर्यंत द्या.